न बोलता बोलणाऱ्या खुणा

(संस्थेच्या उन्हाळी बालशिबिरात पुरुषोत्तमनगर येथे दिलेले भाषण)



शिबिराच्या संयोजकांनी मुलांसाठी अर्धा तास बोलण्याची आज्ञा आम्हाला केली. आम्ही काही व्याख्याते नाही. कला शाखेची पदवी घेतलेले आणि गेली वीस-बावीस वर्षे बँकेच्या काऊंटरवर बसणारे आम्ही साधे कारकून आहोत. मोठमोठे विचार मांडणारे वक्ते या व्यासपीठावर येऊन गेले आहेत. आम्ही मात्र आज एका लहानशा विषयावर बोलणार आहोत. विषय लहान असला तरी त्यामागे आमच्या मनाला लागलेली एक गोष्ट आहे. ती शेवटी सांगू.

आम्ही उभे राहिलो तेव्हा येथे केवढा गलबला होता! मग आम्ही काय केले? ओठांवर बोट ठेवले. पहिली रांग गप्प झाली, मग दुसरी, मग मागच्या भगिनीही. आमच्या तोंडून एक शब्दही निघाला नव्हता. तरी आमचे म्हणणे तुम्हा सर्वांना कळले. ते कसे कळले, हाच आजचा विषय आहे. शब्द कानाला ऐकू येतो, तर खूण डोळ्याला दिसते.

मुलांनो, खुणा दोन प्रकारच्या असतात. पहिल्या खुणा निसर्गाच्या. आपल्या शहादे तालुक्यात पपईच्या बागा तुम्ही पाहिल्या आहेत. पपईला पिवळी झाक आली की ती तोडायला झाली, हे शेतकऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. नंदुरबारची मिरची हिरवी असते, पिकली की लाल होते. घरावर धूर दिसला की चूल पेटली. आईचा चेहरा उतरलेला दिसला की काहीतरी बिनसले. या खुणा कोणी ठरवलेल्या नाहीत, त्या आपोआप होतात.

दुसऱ्या खुणा माणसांनी आपसात ठरवलेल्या असतात. ओठांवर बोट म्हणजे गप्प बसा, हे आपण ठरवले आहे. ठरवलेली खूण म्हणजे एक प्रकारचा करार असतो. आम्ही बँकेतले लोक, आम्हाला कराराची भाषा लवकर समजते. करारावर दोन्ही बाजूंची सही लागते. खुणेचेही तसेच आहे. दाखवणाऱ्याला तिचा अर्थ माहीत हवा आणि पाहणाऱ्यालाही. पाहणाऱ्याला शिकवलेच नसेल तर ती खूण मुकी होते. ही एक गोष्ट आज लक्षात ठेवा, बाकी सर्व विसरलात तरी चालेल.

आता रस्त्यावर चला. लाल दिवा म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे जा, हे तुम्ही सारे जाणता. थांबण्यासाठी लालच का निवडला? लाल हा रक्ताचा आणि आगीचा रंग, म्हणून मन लगेच सावध होते. दुसरे असे की लाल प्रकाश हवेतील सूक्ष्म कणांमुळे कमी विखुरतो, म्हणून तो लांबूनही दिसतो. रस्त्यावरचा पहिला सिग्नल १८६८ साली लंडनमध्ये पार्लमेंटजवळ लागला. त्यातील लाल-हिरवे दिवे गॅसवर जळत. महिन्याभरातच गॅसचा स्फोट होऊन तो बंद पडला. पण कल्पना टिकली आणि पुढे विजेच्या दिव्यांनी ती जगभर नेली.

काही माणसांना लाल आणि हिरवा यांतील फरक नीट कळत नाही. डोळ्यांतील तो जन्मजात दोष असतो. मग त्यांनी काय करावे? म्हणून उभ्या सिग्नलमध्ये लाल दिवा नेहमी वर आणि हिरवा नेहमी खाली असतो. रंग कळला नाही तरी जागा कळते. रस्त्याच्या पाट्यांनाही आकार ठरवून दिले आहेत. त्रिकोण म्हणजे सावध राहा, पुढे वळण आहे किंवा शाळा आहे. गोल म्हणजे आज्ञा, ती पाळलीच पाहिजे. निळा चौकोन म्हणजे माहिती, पुढे दवाखाना किंवा पेट्रोलपंप आहे. आणि 'थांबा' या पाटीला आठ कोन दिले आहेत. चिखलाने अक्षरे झाकली तरी नुसत्या आकारावरून ती ओळखू येते.

रेल्वेची गोष्ट तर याहून शिकण्यासारखी आहे. वडीलधाऱ्यांना आठवत असेल, सुरत-भुसावळ मार्गावर नंदुरबारला गाडी पकडायला गेलो की खांबावर सिग्नलचा लाकडी-लोखंडी हात दिसे. हात आडवा असला तर गाडीने थांबायचे, खाली पडला तर यायचे. "सिग्नल पडला, गाडी आली" असे आपण म्हणत असू. त्या हाताला मागे वजन बांधलेले असे. ओढणारी तार मध्येच तुटली तर त्या वजनाने हात आपोआप आडवा होई आणि गाडी थांबे. म्हणजे बिघाड झाला तरी खुणेने धोक्याच्याच बाजूने बोलावे, अशी ती योजना होती. फार पूर्वी विलायतेत रेल्वेचा पांढरा दिवा म्हणजे 'या' असे होते. पण लाल काच फुटली तर मागचा पांढरा दिवा उघडा पडून 'या' म्हणणार! हा धोका ध्यानात आला आणि पांढरा काढून हिरवा आणला गेला. खूण ठरवणाऱ्याने किती पुढचा विचार करावा लागतो, ते यावरून कळते.

आपल्याकडे उसाचा हंगाम सुरू झाला की रस्त्याने रात्रंदिवस उसाच्या गाड्या धावतात. ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर असतो. त्याला स्वतःचा उजेड नसतो. त्याची रचनाच अशी असते की ज्या दिशेने उजेड आला त्याच दिशेला तो परत पाठवतो. म्हणून मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला अंधारात तो लाल टिपका दिसतो आणि त्याचा जीव वाचतो. उसाच्या पाचटाखाली तो झाकला गेला, तर खूण असून नसल्यासारखी. घरी बैलगाडी किंवा ट्रॉली असेल तर आजच वडिलांना सांगा, "बाबा, रिफ्लेक्टर पुसला का?"

आता मोठ्यांसाठी थोडे. १९५१-५२ साली देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. त्या वेळी शंभर माणसांत जेमतेम अठरांना लिहिता-वाचता येत होते. उरलेल्यांनी मत कसे द्यावे? म्हणून प्रत्येक पक्षाला चित्राची निशाणी दिली गेली आणि प्रत्येक उमेदवाराच्या मतपेटीवर त्याचे चित्र चिकटवले गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची निशाणी हत्ती होती. ज्या आजोबांना आपले नाव लिहिता येत नव्हते, त्यांना हत्ती मात्र पक्का ओळखता येत होता. अक्षर येत नाही म्हणून माणूस अडाणी नसतो. त्याला कळेल अशी खूण आपण दिली पाहिजे, एवढेच.

उलट आम्हा शिकलेल्यांची गंमत पाहा. मुंबईचे डबेवाले सन १८९० च्या सुमारापासून डबे पोहोचवत आले आहेत. डब्याच्या झाकणावर रंग, आकडे आणि अक्षरे यांची छोटीशी खूण असते. डबा कोणत्या स्टेशनवर उतरवायचा, कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, हे सारे त्यात असते. फारसे शाळेत न गेलेला डबेवाला ती क्षणात वाचतो. आणि आम्ही बी.ए. झालेले तेथे उभे राहिलो तर निरक्षर!

आता आमच्या काऊंटरवरची हकीकत. आमच्याकडे अंगठा लावून पैसे काढणाऱ्या पुष्कळ आजी येतात. त्या नोटेवरील आकडा वाचत नाहीत, रंग वाचतात. वर्षानुवर्षे त्यांचा हिशेब कधी चुकला नाही. २०१६ च्या नोव्हेंबरात पाचशे आणि हजाराच्या जुन्या नोटा बंद झाल्या. त्यानंतर दोन-तीन वर्षांत एकामागून एक नव्या रंगांच्या नोटा आल्या. पाचशेची करडी, दोनशेची पिवळी, दहाची चॉकलेटी. खरा घोळ पन्नास आणि शंभरात झाला. जुनी पन्नासची नोट जांभळट होती, तर नवी जांभळट नोट आली शंभराची. जुन्या शंभरावर निळसर-हिरवी छटा होती, तर नवी निळी नोट आली पन्नासची. आणि जुन्या नोटाही चालूच होत्या! एक आजी नोटा हातात धरून आम्हाला म्हणाल्या, "भाऊ, हाई कितलानी नोट शे?" चाळीस वर्षे मजुरीचा हिशेब तोंडावर ठेवणारी बाई एका दिवसात निरक्षर झाली होती. चूक तिची नव्हती. करार बदलला होता आणि तिला कोणी सांगितले नव्हते. त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत आम्ही चार-पाच आजींना बाकावर बसवून नोटा ओळखायला शिकवू लागलो. दहा मिनिटांचे काम होते. आधीच का सुचले नाही, याची आम्हाला लाज वाटली.

त्याच दोनशेच्या नोटेच्या मागे कोणते चित्र आहे, सांगा पाहू? सांचीचा स्तूप! त्या स्तूपाच्या तोरणांवर भगवान बुद्धांच्या जीवनातील प्रसंग कोरले आहेत, पण बुद्धांची मूर्ती तेथे कोरलेली नाही. मग प्रसंग कळतो कसा? बोधिवृक्ष दिसला की ज्ञानप्राप्ती. पावलांचे ठसे दिसले की बुद्ध येथून चालत गेले. पाठीवर कोणी नसलेला घोडा आणि त्यावर धरलेले छत्र दिसले की सिद्धार्थाने घर सोडले. पुढच्या काळात मूर्ती घडू लागल्या, तरी खुणा राहिल्याच. आपल्या महाराष्ट्रात अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यात बुद्धमूर्तीच्या आसनाखाली एक चक्र आणि दोन हरणे आहेत. हरणे म्हणजे सारनाथचे मृगवन, चक्र म्हणजे तेथे दिलेला पहिला उपदेश. दगडावर एक अक्षर नाही, तरी सारी कथा तेथे आहे. आणि २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने राष्ट्रध्वज स्वीकारला तेव्हा त्यावर चोवीस आऱ्यांचे अशोकचक्र निळ्या रंगात आले. ज्या देशात शेकडो बोली बोलल्या जातात, तेथे सर्वांना एकाच वेळी कळेल असे वाक्य शब्दांत लिहिणे कठीण होते. चक्राने ते लिहिले.

येथपर्यंत खुणांचे कौतुक झाले. आता सुरुवातीला म्हणालो ती गोष्ट सांगतो.

मुलांनो, हिरवा रंग काय सांगतो? तुम्ही म्हणाल, "जा." सिग्नलवर तसेच आहे. बिस्किटाच्या पुड्यावर हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका असतो. तो सांगतो, हा पदार्थ शाकाहारी आहे. मागे बसलेल्या वडीलधाऱ्यांनी एकेकाळी भिंतोभिंती लाल त्रिकोण पाहिला आहे, तो कुटुंबनियोजनाचा होता. म्हणजे रंग तोच, आकारही तोच, पण जागा बदलली की बोलणे बदलते. हे ज्याला शिकवले नाही, त्याला धोका आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते. सकाळी बँकेत जाताना शेजारच्या अंगणात भिंतीवर एक रिकामी बाटली आम्हाला दिसली. शेतातून फवारणीच्या औषधाची बाटली कोणीतरी आणून, विसळून ठेवली होती. झाकण घट्ट, बाटली मजबूत, घरात उपयोगी पडेल म्हणून. आम्ही थांबलो, तिच्यावरची चिठ्ठी वाचलीसुद्धा. हे कोणाला तरी सांगितले पाहिजे, असे मनात आले. पण काऊंटर उघडायची वेळ झाली होती. आम्ही निघून गेलो.

दुपारी त्या घरची बाई आणि सासू निंदणीला गेल्या होत्या. सहा वर्षांचा नातू घरी होता. त्याने त्या बाटलीत पाणी भरले आणि प्याला. संध्याकाळी आम्ही घरी आलो तो गल्लीत आरडाओरड. पोराला उलट्या सुरू होत्या, तोंडाला फेस आला होता. दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणते औषध होते? बाटली कुठे आहे?" बाटली कोणीच आणली नव्हती. आम्ही मोटारसायकलने परत आलो आणि बाटली घेऊन गेलो. तेवढा वेळ वाया गेला. चार दिवसांनी पोरगा घरी आला. वाचला, एवढेच मोठे.

बरा झाल्यावर आम्ही त्याला जवळ घेऊन विचारले, "बाळा, ती बाटली विषाची होती, तुला कळले नाही?" तो म्हणाला, "काका, विषावर कवटी असते. डीपीवर असते ना, तशी. त्याच्यावर कवटी नव्हती. निळा रंग होता. निळा तर आपला असतो ना?"

आम्ही निरुत्तर झालो. त्या लेकराने खूण वाचली होती. कवटी त्याला माहीत होती, ती त्याने शोधली. निळा झेंडा त्याने आपल्या वस्तीवर पाहिला होता, म्हणून निळ्यावर विश्वास ठेवला. त्याचे कुठे चुकले? चूक आमची. चिठ्ठी वाचता येत असून पुढे निघून गेलो ते आम्ही.

म्हणून आता नीट पाहा. हा तक्ता आम्ही हाताने रंगवून आणला आहे. फवारणीच्या औषधाच्या प्रत्येक बाटलीवर असा कोनावर उभा केलेला चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंगाचा त्रिकोण असतो. रंग चार आहेत. लाल म्हणजे अत्यंत जहाल विष. पिवळा म्हणजे त्याच्या खालोखाल, तेही जहालच. निळा म्हणजे धोका. हिरवा म्हणजे सावधान. आणि सर्वांत महत्त्वाचे, कवटीचे चित्र फक्त लाल त्रिकोणाच्या वर असते. पिवळ्यावर नसते, निळ्यावर नसते, हिरव्यावरही नसते. म्हणजे कवटी नाही म्हणून विष नाही, असे समजायचे नाही. येथे हिरवा म्हणजे 'जा' नव्हे. चारही रंग विषाचेच आहेत. आता सर्वांनी मोठ्याने सांगा, चारही रंग कशाचे? शाबास!

आणि मोठ्यांना एक विनंती. आपण या विषाला 'औषध' म्हणतो. दुकानदार म्हणतो, मालक म्हणतो, आपणही म्हणतो. खोकल्याचेही औषध आणि फवारणीचेही औषध! लेकराने काय समजावे? येथे खूण खरे बोलते आणि आपला शब्द खोटे बोलतो. निदान घरात तरी त्याला 'विष' म्हणा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले. ती माणसे आपल्यासारखीच होती, दुसऱ्याच्या शेतात पाठीवर पंप घेऊन चालणारी.

आता तीन कामे सांगतो आणि थांबतो.

पहिले काम मुलांचे. प्रत्येकाने एक 'खुणांची वही' करायची. रस्त्यावर, बाजारात, घरात जी खूण दिसेल तिचे चित्र काढायचे आणि ती काय म्हणते ते खाली लिहायचे. अर्थ कळला नाही तर मोठ्यांना विचारायचे. मोठ्यांना आला नाही तर आमच्याकडे यायचे. आणि ज्या आजीला अक्षर येत नाही, तिला वही दाखवून शिकवायचे.

दुसरे काम आई-वडिलांचे. विषाची रिकामी बाटली कितीही चांगली असली तरी घरी आणायची नाही. तिला भोक पाडायचे, म्हणजे पुन्हा कोणी तीत पाणी भरणार नाही. दुर्दैवाने कोणाच्या पोटात विष गेले तर घरच्या घरी उलटी करवण्याच्या भानगडीत पडू नका. १०८ ला फोन करा, ताबडतोब दवाखाना गाठा आणि बाटली सोबत न्या. डॉक्टरांना काय करायचे ते तिच्यावरची चिठ्ठी सांगते.

तिसरे काम संस्थेचे. आपल्या समाजमंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर हे चार त्रिकोण मोठे रंगवून घ्यावेत. निंदणीला जाणाऱ्या प्रत्येक भगिनीला येता-जाता ते दिसतील. रंगाचा आणि रंगाऱ्याचा खर्च आम्ही देऊ. त्यात दानाचे काही नाही, त्या सकाळी आम्ही न थांबता निघून गेलो, त्याची ही थोडीशी भरपाई आहे.

तो मुलगा आज येथेच बसला आहे. त्याचे नाव सांगणार नाही, तो लाजतो. या तक्त्यातला निळा त्रिकोण त्यानेच रंगवला आहे.

निळा झेंडा आपला आहे, निळे चक्र देशाचे आहे आणि बाटलीवरचा निळा त्रिकोण धोक्याचा आहे. तिन्ही निळ्यांतला फरक ज्या दिवशी आपल्या वस्तीतल्या सहा वर्षांच्या प्रत्येक लेकराला सांगता येईल, त्या दिवशी आमचे आजचे बोलणे सार्थकी लागेल.